दुपारी एकची पहाट

रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या माणसाच्या टँकमध्ये दुपारी एकला उजाडायला हवं, असं माझं ठाम मत आहे. डोंबिवलीत, कल्याणात, इकडे घोडबंदर रोडवर मी प्रवाळांचे मरीन टँक लावून देतो आणि दिव्याचं वेळापत्रक बसवताना पहिला प्रश्न विचारतो, तो घरी कितीला येता हा. मग एकला मंद निळा उजेड, तीनपर्यंत हळूहळू चढ, तीन ते आठ ठरवलेला पूर्ण जोर, पुढे उतार आणि साडेदहाला मिट्ट काळोख. माणूस जेवून टँकसमोर बसतो तेव्हा उतरतीचा निळा उजेड असतो आणि झोअँथिड प्रवाळं हिरवी-केशरी चमकत असतात. बाहेर सूर्य कुठे आहे याच्याशी प्रवाळांना देणंघेणं नाही. रोज ठरल्या वेळी उजाडलं आणि ठरल्या वेळी मावळलं की त्यांचं भागतं. म्हणून दिवा टायमरवरच हवा. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, साधे टायमर तेवढा वेळ थांबून राहतात आणि टँकचा दिवस दोन-तीन तास पुढे सरकतो. शुक्रवारी रात्री घड्याळ तपासा, हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. दिवा हा त्याचा स्वयंपाक आहे. पण उजेड एका हद्दीपुढे गेला की शेवाळाला तो वापरता येत नाही, पेशीत घातक ऑक्सिजन साचतो आणि प्रवाळ आपल्याच स्वयंपाक्याला बाहेर काढतं. रंग उडतो, खालचं पांढरं दिसू लागतं. समुद्रात उष्णतेने होतं तेच घरात दिव्याने होतं.

उजेड किती, हे डोळ्यांना विचारू नये. निळा उजेड आपल्याला मंद वाटतो, पण 450 नॅनोमीटरच्या आसपासचा तोच प्रकाश शेवाळ सगळ्यात चांगला शोषतं. मोबाइलवरची लक्स मोजणारी अ‍ॅप माणसाच्या नजरेचा हिशेब धरतात, त्यामुळे निळ्या एलईडीखाली ती हमखास कमी दाखवतात. इथे पार मीटर लागतो. तो एका चौरस मीटरवर सेकंदाला पडणारे प्रकाशकण मायक्रोमोलमध्ये मोजतो. मीटर महाग असतो, पण एकदाच लागतो. चौघांत मिळून घ्यावा किंवा कुणाकडून दिवसभरासाठी आणावा. भर दुपारच्या उन्हात आकडा 2000च्या घरात जातो. मशरूम प्रवाळाला 50 ते 100 पुरतात, झोअँथिडना 80 ते 150, लेदर प्रवाळाला 100 ते 200. दगडी प्रवाळांचे आकडे मी इथे देत नाही. आपल्या समुद्रातली ती जात 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या रांगेत आहे, आणि तिने समुद्रातच राहावं.

जोर आणि तास यांचा गुणाकारही करून पाहावा. 100 मायक्रोमोल आठ तास म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे 2.88 मोल. 150 नऊ तास दिला तर 4.86. एक तास वाढवला, जोर थोडा चढवला, असं वाटत असताना खुराक दीडपटीहून जास्त झालेला असतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

जास्त उजेड म्हणजे जास्त चांगलं, ही समजूत कोकण किनाऱ्याकडे पाहिलं की सुटते. विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. तिथलं पाणी स्वच्छ, तरी बँकेचा माथाच 20 मीटरच्या आसपास खाली. मालवणला सिंधुदुर्गाभोवतीची प्रवाळं, ज्यांच्यासाठी 1987 साली सागरी अभयारण्य झालं, ती उथळ पाण्यात आहेत. पण पावसाळ्यात तिथे गाळाचा पडदा धरतो. आणि मुंबईत? सागरी रस्त्यासाठी 2020 साली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून प्रवाळांच्या वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदाच कळलं की त्या गढूळ पाण्यातही प्रवाळ जगतं. ज्याला जसा उजेड मिळाला, त्याने तसा संसार मांडला.

नव्या दिव्याखाली मात्र घाई चालत नाही. आडोशाला राहिलेली तुळस वैशाखात एकदम गच्चीवर नेली तर जे होतं, तेच इथे. मी दिवा 25 ते 30 टक्क्यांवर सुरू करतो आणि आठवड्याला पाचच टक्के चढवतो. शेवाळाला आपली रंगद्रव्यं जुळवायला काही आठवडे लागतात.

मानपाड्याला एका घरी लेदर प्रवाळ चार दिवस मिटून होतं. अंगावर मेणासारखी चकचकीत साय, एकही तंतू बाहेर नाही. घरातली मुलगी हिरमुसली होती. "काका, उजेड कमी पडतोय, वाढवा ना." तिचे वडील म्हणाले, उलट कमी करा. मी दिव्याला हात लावला नाही. लेदर अधूनमधून अशी कात टाकतं. प्रवाह थोडा वाढवला की साय सुटून येते. बघायचं ते वेगळं असतं. झोअँथिडची मान लांबून दिव्याकडे ताणली गेली असेल तर उजेड कमी आहे. मशरूमच्या कडा वळून ते आक्रसलं, रंग फिकटला, तर जास्त आहे. प्रवाळ तपकिरी पडलं तर ते नेहमी उजेडामुळेच असेल असं नाही; पाण्यात नायट्रेट वाढलं तरी त्याच्या अंगातलं शेवाळ माजतं.

एका गोष्टीवर मी अडून बसतो. रात्रभर निळा दिवा शोभेसाठी चालू ठेवायचा नाही. पुष्कळ प्रवाळं अंधारात तंतू पसरून खातात. त्यांना खरीखुरी रात्र लागते. दिव्याच्या भिंगावर मिठाची साय धरते, ती आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायची. महिनोन्महिने न पुसलेलं भिंग एके दिवशी लख्ख केलं तर प्रवाळाला तो एकदम चढवलेला उजेडच. आणि टक्के, तास, तारीख असा कागद टँकच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायचा, म्हणजे घरातल्या कुणीही बटण फिरवलं तरी पुन्हा कुठे आणायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं.