सीसीत जागा होती म्हणून

नाशिक

चि. मिलिंद,

परवा फोनवर तू किती सहज बोलून गेलास, ‘मामा, सीसीत जागा होती, म्हणून मशीनचे १२ लाख त्यातूनच देऊन टाकले.’ त्यानंतर जेवणात माझं लक्ष लागलं नाही. प्रेसमध्ये फोर कलर मशीन आलं याचा आनंद आहेच. तात्या असते तर पेठभर पेढे वाटत फिरले असते. पण पैसे मात्र त्यांनी असे दिले नसते.

सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिटचं, लिमिट ४० वरून ५० लाख होईल का, असं तू विचारलंस. नायक समितीच्या सूत्राने वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल धरतात. त्यातले २० टक्के बँक देते, ५ टक्के आपले. अडीच कोटींची उलाढाल पटवून देता आली तर ५० लाख मिळतीलही. पण ते कुठे जातील, याची मला धास्ती वाटते.

अरे, कागद आणावा, छापावं, बिल करावं, पैसे आले की खात्यात भरावेत, यासाठी सीसी. ते खातं रहाटासारखं फिरत राहिलं पाहिजे. मशीनमधले पैसे सुटायला वर्षं लागतात आणि सीसी तर बँक मागेल तेव्हा फेडायची. मशीनसाठी मुदत कर्ज असतं, त्याचा हप्ता मशीनच्या कमाईतून जातो. खेळतं भांडवल यंत्रात घालणं म्हणजे बँकेच्या लेखी निधी वळवणं. तपासणीत हे निघालं तर वाढीव लिमिट राहू दे, आहे तेही आवळतील.

आणि आपल्या धंद्यात जास्तच जपावं लागतं. गोदामातला कोरा मॅपलिथो आज विकायला काढला तरी कोणीही घेईल. पण तोच कागद एकदा मशीनवरून गेला, त्यावर कुणाच्या तरी कादंबरीचे फर्मे उमटले, की त्या एका प्रकाशकाशिवाय तो कोणाच्याच कामाचा नाही. त्याने हात वर केले तर रद्दीचा भाव. कापडवाल्याचं ठाण पडून राहिलं तरी ठाणच असतं. म्हणून सांगतो, बाइंडिंगसाठी थप्पी लावून ठेवलेले फर्मे बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये फुगवून लिहू नकोस. भिंतीकडेची ती ओल लागून पिवळी पडलेली रिमं आजच्या भावाने तर मुळीच धरू नकोस. गणपतीत आलो होतो तेव्हा ती पाहिली होती. अजून तिथेच असणार.

आता श्रावणापासून दिवाळी अंकांचा कागद भरावा लागेल. कागदवाला फार थांबत नाही, उशीर झाला की व्याज लावतो. अंकवाल्यांचे पैसे मात्र जाहिरातदारांकडून सुटतील तेव्हा, म्हणजे संक्रांत उजाडते. मधले महिने काढायला ज्या सीसीचा आधार, तिच्यातले १२ लाख तू आधीच गुंतवलेस! खातं सलग ९० दिवस लिमिटच्या किंवा स्टॉक आणि येणी धरून ठरणाऱ्या ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिलं की एनपीए होतं. कारण कोणी विचारत नाही.

मला विचारशील तर प्रेस कामावाचून बंद पडत नाहीत, उधारीने पडतात. तुम्हा लोकांना बिल मागायची लाज वाटते. लेखक घरचे, प्रकाशक तात्यांच्या वेळचे, मग कसं मागायचं! अरे, कायदा तुझ्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी केलेल्या लघुउद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकवावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून मुदत उलटून गेलेल्या अशा बिलाचा खर्च देणेकऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी प्राप्तिकरात धरता येतो. हे नम्रपणे, पण मार्चच्या आधी प्रत्येकाच्या कानावर घाल. आणि नव्या कामाला कागदापुरता तरी अ‍ॅडव्हान्स घे. जो कागदाचे पैसेही देत नाही, तो छपाईचे देईल हे कशावरून?

बँकेच्या कागदांवर जामीनदार म्हणून ताईची सही आहे, घर तिच्या नावावर आहे. ती मला काही बोलली नाही, बोलणारही नाही.

तेव्हा या सोमवारीच बँकेत जा. मॅनेजरांपासून काही लपवू नकोस. कोटेशन, बिल, पावती दाखव, मशीनवर मुदत कर्ज माग आणि मिळेल तो पैसा आधी सीसीत भर. लिमिटचं त्यानंतर बघू. जाण्याआधी मागच्या तीन महिन्यांची स्टॉक स्टेटमेंट्स मला पाठव, आणि कोणाकडे किती दिवसांची येणी आहेत त्याची यादीही. त्या कोल्हापूरच्या प्रकाशकाचं नाव यादीत सगळ्यात वर असणार.

तुझा,
मामा