हात लावायचा नाही

सत्तरच्या दशकात मराठी मध्यमवर्गीय घरांत वाढलेल्या आम्हा सगळ्यांची आणि रेडिओची ओळख या ताकिदीनेच झाली. सेट मुद्दाम उंच फळीवर असे. त्यावर आईने भरलेलं कापड, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, म्हणजे एरियल, आणि कपाटात रेशनकार्डाशेजारी रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची, शिक्का मारून आणायचा. अशा वस्तूचा खटका दाबायचा मान वडिलांचा, ते कामावर असले तर आजोबांचा. आम्ही खाली उभे राहून वर बघायचो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाज येत नसे, आधी फक्त पट्टीमागचा पिवळा दिवा लागे. ज्यांच्या सेटला हिरवा डोळा होता त्यांची ऐट वेगळी. स्टेशन नेमकं लागलं की त्यातली फट बारीक होई. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. शॉर्टवेव्हवर आवाज चढे, विरे, परत येई, आणि अमीन सायानी नेमका क्रमांक सांगत असताना विरला तर घरभर हळहळ.

रेकॉर्ड प्लेअर मात्र घरोघरी नव्हता. चाळीत एखाद्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा, झाकणासकट उचलून नेता येणारा. बंगल्यातल्या कुणाकडे पायांवर उभा रेडिओग्राम, आत गॅरार्डचा चेंजर. गणपतीत ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड लागली की अख्खी गल्ली गब्बरबरोबर बोलायची. ज्यांच्याकडे प्लेअर होता त्यांनी तो शेजाऱ्यांपासून कधी लपवला नाही, हे सांगायलाच हवं. रविवारी सकाळी त्यांचं दार उघडं असे आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. रेकॉर्ड कडांना तळवे लावून धरायची, पिन हळूच टेकवायची, हे सगळं आम्ही नुसतं बघून शिकलो.

मग आखातातून माणसं यायला लागली. रत्नागिरीकडच्या घरांत दुबईहून टू-इन-वन आले, गोव्यात जहाजांवर काम करणारे तारवटी आकाई, सॅनसुई, ग्रुंडिग घेऊन उतरले. आयातीवर जबर जकात असल्यामुळे असा सेट घरात येणं हा सोहळाच होता. पुठ्ठ्याचं खोकंसुद्धा वर्षानुवर्षं माळ्यावर जपलं जाई. ज्यांचं कुणी परदेशी नव्हतं ते कॉस्मिक किंवा सोनोडाइन घेत, नाहीतर लॅमिंग्टन रोडवर जाऊन ॲम्प्लिफायर बांधून आणत. हे देशी सेट कमी प्रतीचे मानले जायचे. आज ते उघडून बघताना, सुट्या भागांच्या त्या टंचाईच्या काळात त्या लोकांनी काय काम केलंय ते कळतं, आणि तेव्हाचं नाक मुरडणं अन्यायाचं होतं असं माझं ठाम मत आहे.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, सीडी आल्या, घरं बदलली, फर्निचर बदललं. रेडिओग्राम भंगारात गेले आणि ॲम्प्लिफायर आतल्या तांब्याच्या भावात तोलले गेले. आम्ही तेव्हा नोकऱ्या आणि मुलांच्या शाळा यांत बुडालेलो होतो. भानावर आलो ते पन्नाशीच्या आसपास, आणि मग पावलं वळली जुन्या बाजाराकडे.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी तो भरतो. मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटच्या परिसरात, शुक्रवारी तर उजाडायच्या आधी. पहिल्यांदा जाणारा बाहेरची चकाकी बघतो. मुरलेला माणूस सेट पाठीमागून बघायला लागतो. मागचा पुठ्ठा शाबूत आहे का, ट्रान्सफॉर्मर जळल्याचा वास येतो का, व्होल्टेजचा खटका एकशेदहावर आहे की दोनशेवीसवर. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठीचा सेट शंभर व्होल्टचा असतो, त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि हे न बघता थेट लावलेले किती सेट पहिल्याच संध्याकाळी गेले त्याची गणती नाही. स्पीकरची जाळी काढून कडेच्या फोमवर बोट टेकवायचं. आपल्या दमट हवेत तो कुजतो, हात लावताच भुगा होतो. कापडी कडा असलेला जुना फिलिप्सचा स्पीकर मात्र अजून ठणठणीत निघतो. टेपडेकचा बेल्ट वितळून डांबर झालेला असतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरायचं कारण नाही, ती साफ करून जाते.

घरी आणल्यावर खरा आनंद सुरू होतो. जुन्या मेकॅनिक लोकांकडे सिरीज बोर्ड असतो, शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब सेटच्या ओळीत जोडलेला. वीज दिल्यावर बल्ब भगभगून पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर पेटून मंदावला तर जीव आहे. त्या क्षणी आम्ही सगळे बल्बकडे बघत असतो. मग कंडेन्सर बदलायचे. मेणकागदाचे जुने कंडेन्सर गळतात, इलेक्ट्रोलिटिक सुकतात, स्पीकरमधून येणारी सततची घुंई बहुधा त्यांचीच. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहू शकतो, म्हणून ‘हात लावू नकोस’ यात मोठ्यांची नुसती दटावणी नव्हती हे इतक्या वर्षांनी, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतल्यावर समजलं.

आणि हे सगळं कशासाठी? जुन्या सेटचा आवाज जादूचा असतो असं मी म्हणणार नाही. सीडी जास्त स्वच्छ वाजते. पण मीडियम वेव्हवरची आकाशवाणी, निवेदकाचा आवाज, तो लाकडी कॅबिनेटमधून ऐकला की त्या आवाजाला छाती येते. पुणे केंद्र आजही ७९२ किलोहर्ट्‌झवर लागतं. फक्त आता घरातले चार्जर आणि एलईडी दिवे त्यात गुरगुरतात, म्हणून आम्ही ते बंद करून बसतो. स्टिरिओचं तर विचारूच नका. १९६७ साली एचएमव्हीने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली. शिवकुमार शर्मा यांचा संतूर, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, माणिकराव पोपटकरांचा तबला, आणि या सगळ्यामागे भावगीतगायक व एचएमव्हीतले अधिकारी जी. एन. जोशी. लहानपणी आम्ही ती एकाच स्पीकरमधून ऐकली. सॅनसुईच्या चंदेरी ॲम्पवर, दोन स्पीकर नीट अंतरावर ठेवून ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाद्यांच्या मधली जागा ऐकू आली. आमच्यातले दोघे-तिघे बराच वेळ बोलले नाहीत. किशोरीताई आमोणकरांची बागेश्री आणि भूप असलेली एल.पी. लावली की बाजू उलटायला उठावं लागतं, आणि त्या उठण्यामुळे दोन रागांच्या मध्ये श्वास घ्यायला सवड मिळते.

एका गोष्टीचा मात्र मनापासून राग येतो. व्हॉल्व्हचा चांगला मर्फी घ्यायचा, आतलं सगळं उपटून फेकायचं, ब्लूटूथचा तुकडा बसवायचा आणि हॉटेलच्या भिंतीवर ‘अँटिक’ म्हणून मांडायचा. ठाण्याच्या कारखान्यात कुणीतरी हाताने जोडलेल्या त्या तारा परत कुणी जोडणार नाही. सर्किट जाणणारे मेकॅनिक आता सत्तरीपुढचे आहेत. मुंबईत १९९० साली रेकॉर्ड संग्राहकांची संस्था उभी राहिली आणि जुन्या तबकड्यांची माहिती नोंदवली जाऊ लागली. यंत्रांसाठी तसं काम फार थोडं झालं आहे. आमच्यातले काही जण आता मागच्या पुठ्ठ्यांवर चिकटवलेली सर्किटं उतरवून घेतात, मेकॅनिकशेजारी बसून विचारतात, लिहून ठेवतात.

तेव्हा तुमच्या माळ्यावर असा सेट असेल तर तो आधी खाली काढा, धूळ झटका, पण हौसेने थेट प्लग लावू नका. सिरीज बोर्डवाला माणूस शोधा, आणि तो सेट उघडेल तेव्हा त्याच्या शेजारीच बसा.