थांबवायचं बटण

"आता तर सगळं मोबाईलवरच मिळतं, मग शाळेत बाईंना काम काय उरलं?" लग्नकार्यात, एसटीत, बाजारात कुणी ना कुणी मला हे हमखास विचारतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, म्हणून मी हसून विषय बदलते. पण मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला सापडायलाच तीन-चार वर्षं लागली. ते आज तुमच्यापुढे मांडावंसं वाटतंय. तुमच्यापैकी कितीतरी जणी शिक्षिका आहात, आणि ज्या नाहीत त्यांच्याही घरात शिकणारी मुलं, नातवंडं आहेतच.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली. मी डी.एड. केलं तेव्हा शैक्षणिक साहित्य म्हणजे खडू-फळा, तक्ते, चिंचोके आणि आगपेटीच्या काड्या. पुढे एमएस-सीआयटी आली. २००१ साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम आम्हा नोकरदारांना करावाच लागला. प्रमाणपत्र फाईलला लागलं आणि संगणकाशी माझा संबंध जवळजवळ संपला. नंतर स्मार्टफोन हातात आला, पण तो मुलांना शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यासाठीच जास्त वापरला गेला. आज किती मुलं जेवली, किती तांदूळ शिजला, कुणाचं आधार जोडायचं राहिलं, हेच सगळं त्यात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे चित्र बदललं. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आधीपासून छापलेले होते. दीक्षा ॲपने तो कोड टिपला की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा प्रश्न समोर येतात. दीक्षा सुरू झालं २०१७ च्या शिक्षकदिनी. या कोडचा विषय निघाला की आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींची आठवण होतेच. सोलापूर जिल्ह्यातल्या छोट्या शाळेत त्यांनी क्यूआर कोडचा प्रयोग केला आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज हा जागतिक पुरस्कार मिळवला. मिळालेल्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना देऊन टाकला, हे मला पुरस्काराइतकंच मोठं वाटतं.

पण कोड टिपायला घरात फोन पाहिजे. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत एकच फोन, आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात. त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागायची. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या पडवीत चार मुलं अंतर ठेवून बसायची. गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते डिसेंबर २०२१ मध्ये. जवळजवळ पावणेदोन वर्षांनी मुलं समोर बसली तेव्हा लक्षात आलं, की पुस्तक चौथीचं आणि वाचन दुसरीचं अशी बऱ्याच जणांची अवस्था आहे. तेव्हा ठरवलं, हाताशी जे साधन आहे ते नीट शिकून घ्यायचं.

शिकवणारे होते आमच्याच शाळेतले एक तरुण सर, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांचा नियम एकच. फोन ते स्वतःच्या हातात घ्यायचेच नाहीत. "मॅडम, मी सांगतो, बटण तुम्हीच दाबा." मला भरभर दाखवून मोकळं होणारे बरेच भेटले होते. पण बोट आपलं फिरल्याशिवाय डोक्यात काही राहत नाही. आल्यावर मी ते सगळं लिहून ठेवायची, तेही पाककृतींच्या वहीच्या मागच्या पानांवर. पुढून उघडलं तर मेतकूट आणि कुरडयांचं प्रमाण, मागून उघडलं तर 'व्हिडिओ आदल्या रात्री उतरवून ठेवणे', 'मराठी कळफलक चालू करणे', 'फोन प्रोजेक्टरला जोडण्याची कृती'. पदार्थ असो की प्रोजेक्टर, क्रम चुकला की बिघडतं, म्हणून पायऱ्या आकडे घालून लिहायच्या.

लोकवर्गणीतून शाळेला प्रोजेक्टर मिळाला. खिडक्यांना पडदे नव्हते, म्हणून माझ्या दोन जुन्या गडद साड्या शाळेत गेल्या. वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून फोन आणि स्पीकर घरून भरून न्यायचे.

भिंतीवर चित्र हललं की मुलं श्वास रोखून बघायची. वर्ग इतका शांत मी सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता. पण ती शांतता मला खटकू लागली. व्हिडिओ संपल्यावर 'काय पाहिलं?' विचारलं, की मुलांना त्यातलं संगीत आठवायचं, रंग आठवायचे, मधली गोष्ट मात्र हरवलेली असायची. कुणी काही विचारतही नव्हतं.

याचा उलगडा मला घरी झाला. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते. सासूबाईंचा स्वाध्याय तेव्हाच चालतो. त्या दोन ओळी वाचतात, चष्मा काढतात आणि मला विचारतात, "ह्याचा अर्थ काय लावशील?" मी काहीतरी सांगते, त्या मान हलवतात किंवा हलवत नाहीत, मगच पुढची ओळ. एका संध्याकाळी त्या तत्त्वार्थसूत्रातले स्वाध्यायाचे पाच प्रकार समजावत होत्या. वाचना म्हणजे पाठ घेणं-देणं, पृच्छना म्हणजे शंका विचारणं, अनुप्रेक्षा म्हणजे त्यावर मनात पुन्हा पुन्हा विचार करणं, आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारात घोकणं, आणि धर्मोपदेश म्हणजे दुसऱ्याला सांगणं. आपल्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक धड्याखाली 'स्वाध्याय' असतो. इतकी वर्षं तो शब्द मी फळ्यावर लिहीत आले, पण त्याच्या पोटात एवढं काही आहे हे त्या दिवशी नव्याने जाणवलं.

आणि वर्गातली शांतताही कळली. भिंतीवरचा व्हिडिओ पहिली पायरी फार सुंदर करतो, माझ्या तक्त्यापेक्षा कितीतरी सुंदर. पण तो कुणासाठी थांबत नाही. सासूबाई जशा दोन ओळींनंतर चष्मा काढतात, तसं व्हिडिओला कुणीतरी थांबवायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून मी व्हिडिओ आधी घरी बघून कुठे थांबवायचा ते वहीत लिहायला लागले. तीन मिनिटांच्या व्हिडिओत तीन-चार थांबे. प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न, आणि तोही 'हो-नाही'त न संपणारा.

चौथीच्या परिसर अभ्यासात प्राण्यांच्या जीवनक्रमाचा धडा आहे. अंडं, अळी, कोश आणि फुलपाखरू. पडद्यावर कोश दिसला तिथे मी थांबवलं. "आता आत काय चाललं असेल?" कुणी म्हणालं झोपलीय, कुणी म्हणालं पंख शिवतेय. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, आतमधी तिला वारं कुठून मिळतं?"

विचारणारी मुलगी बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला आलेले, फडाजवळच्या कोपीत राहणारे. नोव्हेंबरात आली, हंगाम संपला की जाणार. वर्गात ती बोलत नसे, जोडाक्षर आलं की वाचताना गप्प होई. गेल्या काही वर्षांत अशी किती मुलं आमच्या हजेरीपटावरून आली आणि गेली! चार-पाच महिन्यांत एखाद्याचं काय शिकवून होणार, असं सगळेच म्हणतात.

मी म्हटलं, "मला नेमकं माहीत नाही, आपण शोधू." सगळ्यांसमोर फोनवर शोधलं. कोशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आत जाते. चित्र मोठं करून भिंतीवर दाखवलं. स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर एवढं मोठं झालेलं ती बघत राहिली.

दोन दिवसांनी तीच सांगत आली, की शाळेच्या कढीपत्त्यावर अळी आहे. पूर्वी अशा वेळी मुलं अळी बरणीत घालून आणायची, आणि बहुतेकदा ती मरायची. या वेळी ठरलं, अळीला हात लावायचा नाही, पान तोडायचं नाही, रोज प्रार्थनेनंतर एक फोटो काढायचा. अळी हिरवीगार झाली, एका सकाळी फांदीला कोश लटकलेला दिसला, आणि मग दिवसामागून दिवस तोच फोटो. मुलं कंटाळली. "बाई, व्हिडिओत तर लगेच आलं!" मला हेच हवं होतं. पडद्यावर जे दोन मिनिटांत होतं त्याला झाडावर किती दिवस लागतात, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आमच्या कोशाला बारा दिवस लागले. फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा पंख चुरगळलेले होते. ते सुकून ताठ होईपर्यंत सगळा वर्ग लांबून, न बोलता उभा.

फोटो क्रमाने लावून त्याची फिल्म करायची, आणि प्रत्येक फोटोखालचं वाक्य मुलांनी वाचायचं असं ठरलं. पहिलं वाक्य तिला दिलं, कारण अळी तिने शोधली होती. वाक्य होतं, 'आमच्या शाळेतील कढीपत्त्याच्या झाडावर एक अळी होती.' ती 'कढीप' पर्यंत यायची आणि थांबायची. मी तिचा आवाज फोनवर टिपला आणि तिलाच ऐकवला. ती दचकली. "बाई, म्या अशी बोलती व्हय?" मग स्वतःच म्हणाली, "परत." नवव्या वेळी 'कढीपत्त्याच्या' सलग आलं. मी मध्ये एकही सुधारणा केली नाही. तिच्या कानानेच ती केली. मला सासूबाईंचा आम्नाय आठवला. पुढचे दोन महिने रोज मधल्या सुट्टीत एक वाक्य टिपायचं, ऐकायचं, पुन्हा वाचायचं, असा नेम झाला. फेब्रुवारीअखेर ती अर्धं पान वाचायला लागली.

हंगाम संपला. जायच्या आदल्या दिवशी तिचे वडील दाखला न्यायला आले. मी फिल्म त्यांच्या फोनवर पाठवली, तर फोन भरलेला. त्यांनी तिथेच उभं राहून फडाचे, ट्रॅक्टरचे फोटो एकेक करून काढून टाकले आणि जागा केली. "गावाकडं हिची आजी हाये. तिला ऐकवतो," म्हणाले.

पुढच्या वर्षी ती आली नाही. टोळी दुसऱ्या कारखान्याला गेल्याचं कळलं. पण त्याआधी मी तिच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींचा नंबर मिळवून तिचे नोव्हेंबरचे आणि मार्चचे आवाज त्यांना पाठवले होते. सोबत एवढंच लिहिलं, 'इथपर्यंत वाचते, इथून पुढे घ्यावं.' दाखल्यावर इयत्ता लिहिलेली असते, मूल कुठल्या शब्दाला अडतं ते लिहिलेलं नसतं. ते या दोन छोट्या ध्वनिफितींनी कळवलं. गुरुजींचं उत्तर आलं, 'मिळालं. वर्गाला ऐकवलं.' या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत उपयोगी पडलेलं साधन म्हणजे फोनमधलं आवाज टिपायचं साधं बटण. त्याला इंटरनेट लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

आता ज्या मैत्रिणी 'या वयात कसं जमायचं' म्हणून मागे राहतात, त्यांना मी एवढंच सांगते. एका वेळी एकच गोष्ट शिका आणि ती महिनाभर वापरा. शिकताना फोन स्वतःच्याच हातात ठेवा. पायऱ्या वहीत लिहा. लहानांना विचारायला लाजू नका, कारण विचारणं हाही स्वाध्यायच आहे. आणि मुलांना काहीही दाखवण्याआधी ते स्वतः पूर्ण बघा.

घरी नातू किंवा मुलगी मोबाईलवर धड्याचा व्हिडिओ बघत असेल, तर हातातलं काम पाच मिनिटं बाजूला ठेवून शेजारी बसा. मध्येच व्हिडिओ थांबवा आणि विचारा, "आता पुढे काय होईल, सांग बघू?" मूल आधी वैतागेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उत्तर देईल. आणि एखाद्या दिवशी तुम्हालाच असं काही विचारेल की ते शोधायला तुम्हाला दोघांना मिळून बसावं लागेल.