खर्जाची किंमत

‘खोल’ हे विशेषण आपण विहिरीला लावतो, विचाराला लावतो आणि आवाजालाही लावतो. विहीर अरुंद असूनही खोल असू शकते. आवाजाला ही सवलत नाही. सेकंदाला ४० कंपने असलेल्या स्वराची एक लाट हवेत सुमारे साडेआठ मीटर लांब असते. आमची लहान मोटार तिच्या निम्मीही भरत नाही. अशा गाडीत खर्ज वाढवावा, आणि तोही डिक्कीतील वीतभर जागा न गमावता, असा प्रश्न गेल्या वर्षी आमच्यापुढे उभा राहिला.

आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. वास्तव्य कळमेश्वरला. तालुक्यातील धापेवाडा हे विदर्भाचे पंढरपूर मानले जाते. तेथील चंद्रभागेच्या काठी भजनाला पखवाजाची साथ करण्यात बाबांची उमेद गेली. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू लुळी पडल्यापासून आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामोपचारासाठी नागपूरला न्यावे लागते. डिक्कीत त्यांची घडीची चाकांची खुर्ची असते. ती बसली की तेथे छत्रीपुरतीच जागा उरते.

वार्धक्य कानातून प्रथम उंच स्वर काढून नेते. त्यामुळे टाळांचा किणकिणाट बाबांना आधीच पारखा झाला होता. धावत्या गाडीची घरघर मात्र नीच स्वरांची असते आणि ती ध्वनिमुद्रणातील नीच स्वरच झाकून टाकते. काटोल रस्त्यावर एकदा भजन चालू असताना बाबा म्हणाले, “टाळ तर केव्हाचे गेले. आता डावा हातही गेला.” ते पखवाजाविषयी बोलत होते, असे आम्ही धरून चाललो.

नागपुरातील एका दुकानदाराने उपाय तत्काळ सुचवला : “सर, डिक्कीत बारा इंची टाकून देतो ना! मागची काच हालली पाहिजे.” बारा इंची वूफरच्या बंद पेटीला साधारण तीस लिटर जागा लागते. ती दिली तर खुर्ची घरी राहणार आणि खुर्चीबरोबर बाबाही. स्टेपनीच्या खळग्यात बसणारे वूफरही मिळतात. पण रुग्णाला घेऊन जाणाऱ्या गाडीतून स्टेपनी काढणे आम्हांला मान्य नव्हते.

या व्यवहाराचा नियम जे. अँटन हॉफमन या ध्वनितंत्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या आरंभी मांडला. लहान पेटी, खोल खर्ज आणि अल्प शक्तीत मोठा आवाज या तिहींपैकी दोनच गोष्टी एका वेळी पदरात पडतात. कार्यक्षमता तीच राखून एक सप्तक खाली उतरायचे, तर पेटी आठपट मोठी करावी लागते. तिसरी गोष्ट सोडायची तयारी असेल, तर मात्र वाट निघते.

ही वाट पखवाजियाला ठाऊकच असते. वाजवण्यापूर्वी तो डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा थर थापतो. खोड तेवढेच राहते, कातड्यावरचे वजन वाढते आणि नाद खाली उतरतो. मोबदल्यात जड झालेले कातडे हलवायला हाताला अधिक बळ लावावे लागते. आसनाखाली सरकवण्याच्या चपट्या वूफरमध्ये हेच तत्त्व असते : जड पडदा, छोटी पेटी आणि हाताच्या बळाऐवजी पेटीतच बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर. आवाज दुप्पट शक्तीने केवळ तीन डेसिबलने वाढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या बळाची किंमत कळते.

तरीही आम्ही आरंभ दारांपासून केला. दारातील स्पीकरचा पडदा पुढे सरकून हवा दाबतो, त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्यातील भोकांतून ही दोन्ही टोके एकत्र आली की नीच स्वर परस्परांना पुसून टाकतात. कारागिराने ती भोके डॅम्पिंग शीटने बुजवली, पावसाचे पाणी वाहून जाणारी खालची छिद्रे तेवढी मोकळी ठेवली. दोन्ही दारांतील धन-ऋण वायरी सारख्याच जोडलेल्या आहेत ना, हेही तपासले. एकीकडे त्या उलट असतील, तर नवे सामान घेऊनही खर्ज हरवतो. मग चालकाशेजारच्या आसनाखाली आठ इंची चपटा वूफर बसला. त्याची वायर थेट बॅटरीपासून आणली आणि बॅटरीजवळच फ्यूज घातला.

काच हालत नाही. रस्त्यावरच्या कोणाला आमचे भजन ऐकू जात नाही. अगदी तळाचे स्वर या पेटीला पेलत नाहीत. तेवढे आम्ही सोडले. पण गाडीच्या बंद, लहान पोकळीत नीच स्वरांना थोडे बळ आपोआप मिळते आणि आसनावर बसलेल्याला डाव्या हाताची थाप पाठीला जाणवते.

खुर्ची डिक्कीत पूर्वीसारखीच बसते. पहिल्या दिवशी गोंडखैरी मागे पडेपर्यंत बाबा डोळे मिटून होते. मग म्हणाले, “डावा ऐकू येतो आहे. पण हा वाजवणारा लय ढकलतो.” त्यानंतर नागपूर येईपर्यंत त्यांनी त्या अनोळखी पखवाजियाच्या चुका काढल्या.