जुना गीझर की नवा?

डिसेंबर. रामदासपेठेत पारा 10 अंशांच्या खाली आला की आईला अंघोळीला कढत पाणीच लागतं. शेजारचे काका घर बदलताहेत. त्यांचा 25 लिटरचा गीझर निम्म्या किमतीत देतो म्हणाले. मन ओढलं. पण टाकीच्या आतलं कसं दिसणार? गंज स्वतःवर घेणारी मॅग्नेशियमची कांडी झिजलेली असेल, कॉइलवर क्षारांचा थर असेल. सेफ्टी व्हॉल्व्हच अडकला, तर कोंडलेला दाब जिवावर बेततो, आणि न्हाणीघरात आई एकटी असते. आजीच्या वेळचा तांब्याचा बंब असता, तर जुनाच घेतला असता: मधल्या नळीत लाकडं, दाब नाही, गळला तर तांबटाकडे न्यायचा. गीझर मात्र नवाच, आयएस 2082 मानकाची खूण आणि ऊर्जाबचतीचे तारे पाहून. काकांना संध्याकाळी सांगते.