शपथेचे वय

पुण्याहून भोरला यावे, नीरेचे पात्र पाहावे आणि रायरेश्वराची वाट धरावी. शेवटची लोखंडी शिडी चढून पठारावर आले, की स्वच्छ हवेत वेल्ह्याकडचे राजगड-तोरणा दिसतात. १६४५ साली पंधरा-सोळा वर्षांच्या शिवबांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ इथेच घेतली, असे परंपरा सांगते. देवळात आम्ही सारे गृहस्थ हात जोडून उभे राहिलो.

माझ्या मनात मात्र कॉलेजची पोरे आली. १९०५ साली फर्ग्युसनमधल्या सावरकरांनी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली, तेव्हा कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहाबाहेर काढले. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला. विद्यार्थी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर उतरले, दलितांची घरे जळली. नामविस्तार झाला तो १९९४ साली!

पोरांचे सगळेच खरे असते, असे नाही. पण पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या पोरांपुढे आपण नारळ फोडतो आणि घरचा पोरगा घोषणा देऊन आला, की म्हणतो, “फी कशाला भरली रे तुझी?” त्याआधी, वाचकहो, “काय मागत होतास?” एवढे तरी विचारावे.