गंजलेले आटे

मोटारीत सर्वांत मोठा आवाज इंजिनाचा असतो. परंतु प्रवाशांचा जीव ज्यांच्या हाती असतो ते भाग बहुधा मुकेच असतात. स्टिअरिंग फिरवले की चाके वळतात, एवढेच आपण जाणतो. त्या दोहोंमध्ये लोखंडी दांड्यांची एक साखळी असते आणि तिच्या टोकांशी वाटीत गोळा बसवलेले सांधे असतात. कारागीर त्यांना टाय रॉड एंड म्हणतात. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखीच ही रचना : वाटीत गोळा, भोवती वंगण आणि वर रबराची टोपी.

नागपूरच्या परिसरात ह्या सांध्यांची कठोर परीक्षा होते. पावसाळ्यात काटोलकडच्या रानांतील काळी चिकण माती चाकांच्या आतल्या बाजूस लिंपली जाते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तीच माती विटेसारखी भाजून निघते. रबराची टोपी तडकते, धूळपाणी आत शिरते, वंगण नाहीसे होते आणि गोळा वाटीत खुळखुळू लागतो. पुढचे चाक जॅकने उचलावे, घड्याळातील तीन व नऊ ह्या आकड्यांच्या जागी धरून हलवावे. ते डगडगले तर हा सांधा तपासावा. धावत्या गाडीत तो निखळला तर चाक चालकाचे ऐकत नाही. मिस्सेला निघालेली मुले, मागे बसलेल्या सिस्टर, ह्या सर्वांचा भरवसा त्या मूठभर लोखंडावर असतो.

हे ठाऊक असूनही झिजलेला सांधा वर्षानुवर्षे गाडीत राहतो. नवा सांधा फार महाग असतो असेही नाही; जुन्याचा नट सुटत नाही, हेच पुष्कळदा खरे कारण असते. मग ‘चालते आहे तोवर चालू द्या’ असे म्हणून गाडी पुन्हा रस्त्यावर येते.

आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या जीपवर हाच प्रसंग आला तेव्हा आम्ही गॅरेजात उभे होतो. तरुण मदतनिसाने पान्याला लांब पाइप जोडला आणि तो सारे वजन टाकणार, इतक्यात वृद्ध मिस्त्री म्हणाले, “अरे, जोर नोको लावू. आधी त्याले तेल पिऊ दे.” त्यांनी तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ केले, नटातील स्प्लिट पिनचे तुकडे चिमट्याने ओढून काढले, गंज सोडवणारे तेल सोडले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “फादर, गाडी आज इथंच राहू द्या. उद्या सकाळी पाहू.”

त्यांच्या सबुरीला आधार होता. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील फट भरून जाते. तेथे नुसते बळ लावले तर नटाचे कोपरे झिजतात, नाही तर दांडीच तुटते. तेल मात्र बारीकशा फटीतूनही झिरपते. त्याला केवळ अवधी हवा असतो. सकाळी मिस्त्रींनी नेमक्या मापाचा रिंग पाना लावला, नट प्रथम किंचित आवळला, मग सैल केला; पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला. उष्णतेचाही उपाय आहे. २० मिलिमीटरचा पोलादी नट ३०० अंशांनी तापवला तर तो सुमारे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढा, फुगतो आणि तेवढ्यानेही पकड ढिली होते. परंतु जवळ रबर, ग्रीस आणि इंधनाच्या नळ्या असतात, तेलाने माखलेला भाग पेट घेतो. म्हणून तो उपाय जाणत्या हातांनीच करावा.

नट सैल झाला तरी काम संपत नाही. सांध्याची दांडी निमुळती असते व निमुळत्या छिद्रात पाचरीसारखी रुतून बसते. दांडीच्या टोकावर घाव घातले तर आटे चेपतात आणि दांडी तेथेच राहते. मिस्त्रींनी नट दोन-तीन आट्यांवर राहू दिला, छिद्राच्या कड्याला एका बाजूने जड हातोडा टेकवला आणि दुसऱ्या बाजूने एकच खणखणीत घाव घातला. कडे क्षणभर दबले आणि सांधा खाली आला. घाव दांडीवर नव्हता. तिला धरून ठेवणाऱ्या कड्यावर होता.

आपल्या नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावे आहे त्या संत फ्रान्सिस दि सेल्स (१५६७–१६२२) ह्यांची आम्हांस येथे आठवण होते. १५९४ साली ते शाब्ले प्रांतात गेले तेव्हा लोक त्यांचे प्रवचन ऐकावयास येत ना. त्यांनी दारे ठोठावून आरडाओरड केली नाही. आपले म्हणणे कागदावर लिहून ते दारांच्या फटींतून आत सरकवीत राहिले. काही वर्षांनी मने वळली. १९२३ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले, ते उगाच नव्हे.

कुटुंबांतही असे नट असतात. वाटणीवरून धरलेला दोन भावांचा अबोला, सासरी-माहेरी राहून गेलेला एखादा शब्द. त्यामागे झिजलेला सांधा असतो, तो बदलल्यावाचून घर सुखरूप चालणार नाही, हे सर्वांना कळते. पण ‘तो विषय नको’ म्हणून सारे गप्प राहतात. दुसरे कोणी संतापाने पाइप लावून जोर करतात आणि नातेच तुटते. तेल सोडून रात्रभर वाट पाहणारे थोडे.

नवा सांधा बसवताना मिस्त्रींनी आणखी दोन नियम पाळले. नटाची खाच व दांडीचे छिद्र जुळले नाही तर नट मागे फिरवायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. आणि जुनी पिन पुन्हा वापरायची नाही. समेट झाल्यावर जुनाच शब्द पुन्हा मध्ये घालणाऱ्यांनी हा दुसरा नियम ध्यानी ठेवावा. पिन काही रुपयांची असते, पण ती नवीच हवी.